आपल्या चाकावर

ज्याचं लेथचं दुकान गॅरेजला लागून असतं, त्याच्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक लोखंडाचा कीस आणि दुसरे किस्से. कीस भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, ते चहाला येईल त्याला सांगून मलाच संपवावे लागतात. आणि सांगितले की वाढतात!

हिंगोलीत वाशिम रोडला माझ्या लेथशेजारी गौतमचं गॅरेज आहे. गौतम पुण्याला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. एसी, फिरती खुर्ची, शनिवार-रविवार सुट्टी. ते सगळं सोडून तो गावाकडे आला आणि एका डॉक्टरांनी काढून टाकलेली जुनी सेडान घेऊन तिला सुपरचार्जर बसवायला लागला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच जोरावर फिरणारा आणि त्याच इंजिनात हवा कोंबणारा पंप. गॅरेजचे मिस्त्री सलीमभाई त्याला 'इंजन की फुंकणी' म्हणतात. याहून सोपं मलाही सांगता येत नाही.

गौतमचे वडील म्हणजे आमचे सर. रिटायर्ड हेडमास्तर. अर्धी हिंगोली त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झाली, त्यात मीही आलो. पोरानं नोकरी सोडली हे त्यांना पचलेलं नव्हतं. वऱ्हाडात एका बंद धावपट्टीवर गाड्यांची शर्यत आहे आणि गौतमनं नाव दिलंय असं कळल्यावर ते गॅरेजमध्ये आले आणि सगळ्यांसमोर निकाल देऊन गेले.

"गाडी आपल्या चाकावर गेली आणि आपल्या चाकावर घरी आली, तर या गॅरेजबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही. टेम्पोत घालून आणलीस, तर गॅरेजला कुलूप आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची बस."

"चालेल, बाबा," गौतम म्हणाला. त्याचा आवाज तेवढा चालल्यासारखा वाटला नाही.

सर शब्दाचे किती पक्के, ते आमच्या वर्गाला विचारा. एकदा चिडून 'आज मी तुमच्याशी बोलणार नाही' म्हणाले आणि भूगोलाचा अख्खा तास हातवाऱ्यांवर घेतला. पूर्णा नदी कुठं वळते हे मला अजून त्यांच्या कोपरावरून आठवतं.

*

गौतमनं हौसेनं बोर्ड लावला होता : 'येथे सुपरचार्जर बसवून मिळेल.'

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पुसेगावचे एक आजोबा. हातात मोबाईल.

"बाबू, आमचं साधं चार्जर लय टाईम खाऊन राहिलंय. ह्याला सुपर लाव."

गौतमनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि हवा, दाब, इंजिन, सगळं समजावून सांगितलं. कंपनीत प्रेझेंटेशन द्यायची सवय, दुसरं काय! आजोबांनी शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं.

"व्हय, ते समदं बराबर हाय. पन पिन बारीक लागते का जाड?"

गौतमनं मुकाट्यानं मोबाईल चार्जिंगला लावून दिला. पुढं पुढं गॅरेजमध्ये गाड्या कमी आणि मोबाईल जास्त दिसायला लागले. एक जण बॅटरीवरची स्कूटर लावून तिथंच बाकड्यावर झोपला, तेव्हा सलीमभाईंनी बोर्ड उतरवला.

*

सुपरचार्जर फिरवायला पट्टा लागतो. तसला बारीक रेघांचा पट्टा हिंगोलीत मिळेना, मागवलेला आखूड निघाला. शेवटी मीच लेथवर वेगळी पुली कातून दिली, साध्या व्ही-बेल्टची. आमच्याकडे तोच मिळतो, पिठाच्या गिरणीचा.

पट्टा आणायला आम्ही बाजारात गेलो. दुकानातल्या शेठनी विचारलं, "गिरनी घरची का धंद्याची?"

"गिरणी नाही, गाडी आहे."

"असंल. मोटर किती एचपीची?"

गौतमनं छाती काढून सांगितलं, "तीनशे."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बाबू, साऱ्या जिल्ह्याचं दळन तू एकटाच घेऊन राहिला का?"

पट्टा मात्र चपखल बसला. त्याच पट्ट्यावर इंजिनला थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरत होता. म्हणजे पट्टा गेला की ताकदही गेली आणि गाडीही गेली.

*

मग ट्यूनिंग सुरू झालं. इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं याचा एक तक्ता लॅपटॉपवर असतो, त्याला मॅप म्हणतात. गावाकडं आल्यापासून गौतमला शुद्ध मराठीचा झटका आलेला, त्यामुळे तो त्याला नकाशा म्हणायचा.

एकदा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "जुना नकाशा चुकीचाच होता. मी बदलून टाकला. आता एकदम बरोबर बसतोय, कुणाला पत्ताही लागणार नाही."

किसनराव तेव्हा माझ्याकडे नांगराची पिन करून घ्यायला बसले होते. बांधावरून त्यांचं सख्ख्या भावाशी वाजलेलं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. पिन तशीच सोडून ते गेले आणि घरच्या हळदीची पिशवी घेऊन परत आले.

"साहेब, आमच्या गटाचा नकाशाबी जरा पाहा की. जास्त न्हाई, बांध चार हात तिकडं सरकला तरी पुरं."

गौतमला वाटलं चेष्टा करताहेत. तो हसून म्हणाला, "त्याला आधी गाडी आणावी लागेल, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव भाड्याची जीप घेऊन दारात हजर. "आनली गाडी. चला, शेत दाखवतो."

त्यांना परत पाठवता पाठवता दुपार झाली. आणि चहाच्या वेळेला त्यांचा भाऊ आला. त्याच्या हातातली हळदीची पिशवी किसनरावांच्या पिशवीपेक्षा मोठी होती.

*

शर्यतीसाठी गाडी हलकी पाहिजे म्हणून गौतमनं मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली, जॅक काढला. सीट घरी ओट्यावर गेलं. सर गाडीवर नाराज होते, सीटवर नव्हते. रोज त्याच्यावर ऐसपैस बसून पेपर वाचायचे.

शेवटी त्यानं डिकीतला जादाचा पट्टाही काढून शेठना परत दिला.

"अरे, पट्ट्याचं असं किती वजन?" मी म्हणालो.

"काका, ग्रामाग्रामाचा हिशोब असतो."

सलीमभाई म्हणाले, "सीट गया, स्टेपनी गया, अब ड्रायव्हर भी निकाल दे. सबसे भारी वहीच है."

निघायच्या दिवशी त्याच्या आईनं डबा दिला. धपाटे, दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, वर दह्याचं गाडगं. गौतमनं जेवढं वजन काढलं होतं तेवढं सगळं आईनं एका फडक्यात बांधून परत दिलं. नको म्हणायची त्याची काय बिशाद होती!

*

सुपरचार्जर फिरायला लागला की सायरनसारखा ओरडतो, हे आम्हाला रस्त्यावर कळलं. पुढचे ऑटो बाजूला झाले, हातगाड्या बाजूला झाल्या. चौकातल्या हवालदारानं बाकीची वाहतूक थांबवली आणि आम्हाला कडक सलाम ठोकला.

गाडी इतकी खाली बसवलेली की प्रत्येक स्पीड ब्रेकर तिरकं होऊन, मुंगीच्या पावलानं पार करावा लागे. सलीमभाई पुढे गौतमशेजारी होते आणि मी मागे सीट नसलेल्या पत्र्यावर मांडीत डबा घेऊन बसलो होतो. एक म्हातारा दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं, "कोन्तं साहेब हाय कोन जाने, पन लय सबुरीचं मानूस."

*

शर्यतीत गौतम दुसरा आला. पहिल्या आलेल्यानं बॉनेटमध्ये डोकावून पट्टा कुठल्या देशाचा म्हणून विचारलं. सलीमभाई म्हणाले, "हिंगोली का. एक्सपोर्ट नहीं करते."

येताना आम्ही हवेतच होतो. कनेरगाव नाक्याजवळ बॉनेटखालून 'फट्' असा आवाज आला, इंजिन गरम झाल्याचा लाल दिवा लागला आणि आम्ही एका धाब्यासमोर थांबलो. पट्ट्याचे दोन तुकडे झाले होते.

लगेच एक रिकामा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर भला माणूस. "काहून थांबले? टाकू का वर? हिंगोलीलाच चाललो."

गौतम नुसता टेम्पोकडे बघत राहिला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. रोज थट्टा केली त्या गाडीची, पण गॅरेजला कुलूप लागणार म्हटल्यावर मलाच चैन पडेना.

मी पट्टेवाल्या शेठना फोन लावला. ते म्हणाले, "त्या मापाचा शेवटचा पट्टा गेला की. कनेरगाव नाक्यालाच गेला, दत्ताच्या गिरनीत."

गिरणी धाब्याच्या मागेच होती. चालू होती. बाया डबे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. दत्तानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "सरांचा पोरगा का? सरांनी मला लय हानलंय." आम्ही घाबरलो. त्यानं हात लांबवला आणि गिरणीचं बटण बंद केलं. "घ्या पट्टा. पन मी पट्ट्यासंगं येनार. पट्टा न्हाई तर माझी गिरनी न्हाई."

एक म्हातारी उठली. "माझी अर्धी जवारी दळली, अर्धी डब्यात हाय. हा पट्टा तिकडंच ऱ्हायला तर लेकरायला काय घालू? मीबी येते."

मग सगळ्याच उठल्या. डबे मागे ठेवून जायला कुणी तयार नव्हतं. टेम्पो उभा होताच.

अशी आमची वरात हिंगोलीत शिरली. पुढे सायरन वाजवत, स्पीड ब्रेकरवर मुंगीसारखी सरकत गाडी आणि मागे टेम्पोत दत्ता, बाया आणि दळणाचे डबे. चौकातल्या हवालदारानं गाडीला सलाम ठोकला आणि टेम्पो पाहून हात तसाच कपाळाला ठेवला.

सर ओट्यावर सीटवर बसून पेपर वाचत होते. आवाज ऐकून उठले. आधी त्यांनी चाकांकडे पाहिलं. चारही फिरत होती. मग टेम्पोकडे पाहिलं.

दत्तानं टेम्पोतून उडी मारली. "जयभीम, सर," म्हणून हात जोडले, बॉनेट उघडलं, पाना घेऊन पट्टा सोडवला आणि खांद्यावर टाकला. गाडी दारातच ठार झाली.

"बाबा," गौतम म्हणाला, "आपल्या चाकावर आली."

सरांनी गाडीकडे पाहिलं, दत्ताच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, टेम्पोतल्या बायांकडे पाहिलं. तोंड उघडलं. आम्ही श्वास धरून उभे. त्यांनी तोंड मिटलं आणि ते आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला ज्वारीचा डबा होता. तो त्यांनी टेम्पोत ठेवला. म्हातारीनं सरकून जागा करून दिली.

दत्तानं विचारलं, "सर, बारीक का जाड?"

सरांनी एकदा गौतमकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि अंगठा-बोटाची चिमूट हवेत चोळून दाखवली.