कुवेतची गोळी

कुणी माझ्यासमोर ‘तिकडचं औषध’ असं म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. तिकडचं म्हणजे आखातातलं. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक तरी माणूस तिकडे. त्यामुळे साबण तिकडचा, बाम तिकडचा, दुधाची पावडर तिकडची, आणि रत्नागिरीच्या बाजारात मिळतं ते सगळं भेसळीचं. लहानपणी मलाही हे खरं वाटायचं. पुढे मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला लागले आणि माझी ती श्रद्धा उडाली. बाकीच्यांची उडाली नाही, आणि त्यापायी माझे वडील मरता मरता वाचले.

ही २००१च्या आसपासची गोष्ट. अब्बांनी उभा जन्म मालवाहू बोटींवर काढलेला. घरी बसल्यावर सकाळी जेट्टीवर जाऊन मासळी निवडून आणायची, एवढंच त्यांचं काम उरलं होतं. एके दिवशी चढ चढताना त्यांच्या छातीत दुखलं आणि मासळीची पिशवी बाजूला टाकून ते भर रस्त्यात बसले. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. कोलेस्टेरॉलचा आकडा मीच टाइप केला, आणि आपल्या हातून चूक तर झाली नाही ना म्हणून मशीनच्या कागदाशी दोनदा ताडून पाहिला. चूक नव्हती. डॉक्टरांनी एक गोळी दिली. रात्री जेवणानंतर, रोज, जन्मभर. “ताप उतरला की बंद करायची असते, तसली गोळी नाही ही,” असं त्यांनी माझ्यादेखत अब्बांना बजावलं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा कुवेतला गॅरेजमध्ये होता. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन यायचा. गोळीचं ऐकल्याबरोबर साहेबांनी फर्मान काढलं, “रत्नागिरीतल्या गोळ्या खाऊ नका, अब्बा. खडूच्या असतात त्या. मी इकडून ओरिजिनल पाठवतो.” उंटावरचा शहाणा! औषधाचं नाव मात्र मीच त्याला फोनवर एकेक अक्षर करून सांगितलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर पहिली डबी आली. पांढरी प्लॅस्टिकची, वर अरबी अक्षरं, आत कापसाचा बोळा. अब्बांनी तो बोळासुद्धा जपून ठेवला. गोळी गिळल्यावर पाच मिनिटांत छाती हलकी झाली म्हणे. कोलेस्टेरॉलची गोळी पाच मिनिटांत काही करत नाही, हे मी सांगून पाहिलं. “तुमची इकडची नसंल करत,” ते म्हणाले.

आता तिकडून आलेली वस्तू एकट्यानं वापरायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. बॅग उघडली की शेजारीपाजारी वाटप व्हायलाच हवं, नाहीतर नजर लागते आणि वर चिक्कू म्हणून नाव पडतं. साबणाच्या वड्या वाटा, खजूर वाटा, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या अम्मीनं गोळ्याही वाटल्या. चरबीची गोळी आहे, एवढंच तिला कळलेलं. मग काय, जिला म्हणून चरबी आहे ती आमच्या दारात. खालेचे, म्हणजे अम्मीच्या बहिणीचे, गुडघे दुखायचे, तिला चार. समोरच्या घरातली मुलगी लग्नाची होती आणि तिला शरारा घट्ट होत होता, तिला आठ. एसटीतून मंडणगडपर्यंत गोळ्या गेल्या, कारण तिथं अम्मीची एक मामेबहीण जाडी होती! महिन्याची डबी दहा-बारा दिवसांत तळाला जायची.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. मी संध्याकाळी चक्कर टाकायची, ‘गोळी घेतली का’ विचारायची, ‘हो’ म्हटलं की निघायची. सहा महिन्यांनी अब्बांचं रक्त पुन्हा तपासलं तर आकडा होता तिथंच. मी रिपोर्ट घेऊन तरातरा घरी गेले. अब्बा म्हणाले, “पुरवून खातो मी. दोन-तीन दिवसांआड एक. पुढचा माणूस ईदेला येनार, तवर पुरायला नको?”

मेडिकलचं दुकान आमच्या घरापासून तीन मिनिटांवर. तीन मिनिटांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आमच्या घरानं पार कुवेतपर्यंत नेला होता. मी त्या दिवशी खूप बोलले. अम्मीला बोलले, अब्बांना बोलले, दारात आलेल्या खालेलाही सोडलं नाही. मग दुकानात जाऊन तीन पाकिटं आणून त्यांच्यासमोर आदळली. औषध तेच आहे, फक्त कंपनीचं नाव वेगळं, असं दुकानदारानं सांगितलेलं मीही सांगितलं. अब्बांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दीड महिन्यानं त्यांना पुन्हा छातीत दुखलं. या वेळी चार दिवस दवाखान्यात, त्यातले दोन ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रोज चालू होती ना?” अम्मी म्हणाली, “एक दिवस नाय चुकली.” मी घरी येऊन शोधलं. ईदेच्या बशा ठेवायच्या कपाटात, बशांच्या मागे, मी आणलेली तिन्ही पाकिटं जशीच्या तशी होती. एकही गोळी फोडलेली नव्हती. डॉक्टरांचे शब्द मला अजून पाठ आहेत, “या वेळी निभावलं. गोळी अशीच चुकत राहिली तर पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही.”

तेव्हा मी ठरवलं, या लोकांशी खरं बोलून उपयोग नाही. दुकानात जाऊन त्याच औषधाची, कुवेतच्यासारखीच पांढरी, लांबट गोळी मागितली. दर शनिवारी दहाचं एक पाकीट घ्यायचं, लॅबमधल्या टेबलावर गोळ्या सोडवून कागदात बांधायच्या, आणि अम्मी स्वयंपाकघरात असताना कुवेतच्या डबीत ओतायच्या. वर कापूस. सात अब्बांच्या आणि तीन वाटपाच्या, असा माझा हिशोब. अब्बा रोज रात्री मनोभावे गोळी घेऊ लागले. सहा महिन्यांनी आकडा उतरला. वर्षभरानं डॉक्टरांनीच त्यांच्या पाठीवर थाप मारली.

डबी काही संपेना. अम्मी सगळ्यांना सांगत सुटली की पोराच्या कमाईत बरकत आहे, अल्लाची मेहेर आहे. ती बरकत दर शनिवारी माझ्या पर्समधून येत होती! मी दात-ओठ खाऊन गप्प बसायची. अब्बा जगताहेत ना, मग मिळू दे श्रेय ज्याला मिळायचं त्याला, अशी स्वतःची समजूत घालायची. ती फारशी पटायची नाही.

एका शुक्रवारी दुपारी मी तिथंच होते. खाला आली, ओट्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, “गो, तुज्याकडची दे दोन. मागं मेडिकलमधनं आनली ती, तर पायात वांब आले, गोळे चढले नुसते. तुमच्या तिकडच्या गोळीनं कसां, काय म्हनून होत नाय.” अम्मीनं डबी उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुजा इकडच्या गोळीवर लय विश्वास ना? ऐक आता.”

माझा संयम सुटला. मी तिच्या हातातून डबी ओढून घेतली, पर्समधून या वेळी एक दिवस आधीच आणून ठेवलेलं शनिवारचं पाकीट काढलं आणि दोन्ही अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. “ही बघा तुमची कुवेत,” मी ओरडले. “दीड वर्ष तुम्ही हीच खाताय. तीन मिनिटांवरच्या दुकानातली. खाला, तूही हीच खाल्लीस, तेव्हा कुठं गेले होते वांब?” खाला चप्पल शोधू लागली. अम्मी रडायला लागली, की म्हणे मी त्या बिचाऱ्या पोराच्या कमाईवर पाणी ओतलं.

अब्बांनी चष्मा लावला. पाकिटातली एक गोळी सोडवली, डबीतली एक काढली आणि दोन्ही तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. “मग मी बरा झालो तो हिच्यानं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. भावाचाच. अब्बांनी तब्येत बरी म्हणून सांगितलं, तिकडचा उन्हाळा विचारला, आणि मग माझ्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाले, “तुजी गोळी चांगली लागू पडली, बाबा. पाठवत जा.” फोन ठेवल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. “त्याला सांगू नको, बाय. एकटा पडलाय तिकडं. बापासाठी तेवढां तरी करतो, असां वाटतां त्याला.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तुजां काय,” ते म्हणाले, “तू तर इथंच हायस.”

त्या रात्रीपासून त्यांनी गोळी पाकिटातून घेतली आणि एकही दिवस चुकवली नाही. आणखी सात वर्षं जगले. दर शुक्रवारी फोनवर भावाला शाबासकी मिळत राहिली आणि दर शनिवारी मी मेडिकलमध्ये जात राहिले. रागातच जायची, पण एकही शनिवार चुकवला नाही.