हलू नका, झालं म्हणेपर्यंत

फॉर्म भरायला आलेली माणसं फॉर्म भरून निघून जातात, पण त्यांचं काहीतरी आमच्याकडं राहतंच. कुणाचा पेन, कुणाचा कंगवा, कुणाची छत्री. आणि किस्से! फोटो कापल्यावर कडेच्या पांढऱ्या पट्ट्या टेबलाखाली साचतात ना, तसे ते साचतात. झाडून काढावं तर दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. म्हटलं, बसून थोडे सांगून टाकावेत, घर जरा मोकळं होईल.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. सोलापुरात आमच्या गल्लीत पोरांची अभ्यासिका आहे आणि मागच्या बाजूला यंत्रमाग. एका कानाला पोरांची घोकंपट्टी, दुसऱ्या कानाला माग, खटक-खटक, खटक-खटक. हे कॉम्प्युटरवर सरकारी परीक्षांचे फॉर्म भरतात. फोटो आणि सही माझ्याकडं. माझी शाळा सातवीपर्यंत, पण पोरं मला मॅडम म्हणतात. म्हणाली की मी पदर नीट करते.

काम तसं सोपं. मोबाईल स्टँडवर, समोर स्टुलावर माणूस, त्याच्या मागं पांढरा पडदा. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, हलायचं नाही. मी बटण दाबते आणि म्हणते, "झालं." मग माणूस श्वास सोडतो. पुढं कागदावर काळ्या पेनानं सही, त्या सहीचाही फोटो, आणि ते दोन्ही साईट मागेल तेवढं लहान करायचं.

स्टँडच्या बाजूला अजून एक स्टूल असतं, लहान, लाल, प्लास्टिकचं. त्यावर आमची लेक ओवी बसते. तिसरं संपत आलंय तिला. बोलत नाही. 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'पाणी' नाही. नुसती बसते आणि आलेल्या माणसांचे चेहरे बघते. हे आधीच सांगून ठेवते, कारण दुकानात काही का चाललेलं असेना, माझं अर्धं लक्ष त्या लाल स्टुलाकडं असतं.

*

फोटो पन्नास केबीच्या आत बसवावा लागतो. आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी एकदा विचारलं, हे केबी केबी काय असतं गं? आता मला तरी कुठं नीट सांगता येतंय! म्हटलं, फोटोचं वजन असतं.

त्याच दुपारी दोन दोस्त आले. एक अगदी काडीसारखा, दुसरा दारातून तिरका होऊन आत आलेला. दोघांचेही फोटो मी बरोबर एकाच आकड्यावर आणून ठेवले. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. एकदा स्क्रीनकडं, एकदा त्या दोघांकडं. मग ह्यांना म्हणाल्या, "बाबा, तुमचा काटा खोटा हाय."

*

आधीचा पडदा म्हणजे खरं सांगायचं तर आमच्या सासऱ्यांचं धोतर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. विकतचा पडदा आणू आणू म्हणत राहिलं, आणि धोतराइतकं पांढरं दुसरं काही घरात नव्हतं.

एकदा सकाळी अण्णा मंद्रूपच्या बाजाराला निघाले. नेसायला धुतलेलं काही सापडेना. खिळ्याला दिसलं, काढलं, नेसलं, गेले. इकडं एका फॉर्मचा शेवटचा दिवस. एक पोरगा घाम पुसत आला आणि मागं बघतो तर पोपडे निघालेली हिरवी भिंत. ह्यांनी अण्णांना फोन लावला, म्हणाले असाल तसे परत या, धोतर पाहिजे. अण्णा बाजारात वांगी निवडत होते. शांतपणे म्हणाले, "आन् मी काय नेसू?"

शेवटी मी त्या पोराला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजसमोर उभा केला. पांढराशुभ्र फ्रिज, फोटो झकास आला. तो पोरगा परीक्षा पास झाला, नोकरीलाही लागला. आता पडदा नवा आणलाय, पण अभ्यासिकेतली पोरं ऐकत नाहीत. चपला काढून रांगेनं आत येतात आणि म्हणतात, मॅडम, फ्रिजलाच घ्या!

*

दुपारी गल्ली पेंगायला लागते. त्या वेळी मी फोटोंचं मागचं काम करते. कडा साफ करायच्या, सावली काढायची, सगळं पांढरं करायचं. माणूस मग कुठंच बसलेला दिसत नाही. ना स्टूल, ना भिंत, ना सोलापूर. नुसता चेहरा, ढगात ठेवल्यासारखा. असे कितीतरी चेहरे माझ्यासमोरून जातात, न हसलेले, कुठंतरी लांब बघणारे. बघता बघता माझीही पापणी जड होते. आणि मग एकदम दचकून मी लाल स्टुलाकडं बघते. ओवी तिथंच असते, पट्ट्यांचे तुकडे मांडीवर घेऊन.

ती झोळीत झोपली की मला दुसरंच सुचतं. एवढा मागांचा आवाज, आणि ही कशी झोपते? सवय झालीय म्हणून, की ऐकूच येत नाही म्हणून? लाईट गेली की माग थांबतात आणि ती लगेच उठते. मी म्हणते, बघा, शांत झालेलं कळलं तिला! हे म्हणतात, अगं, फॅनपण थांबतो की.

*

अशाच एका दुपारी एक नवीन लग्न झालेली मुलगी आली, अक्कलकोटकडची. फॉर्म दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या नावानं भरायचा होता. सहीही तीच, माहेरच्या नावाची. तिनं पेन घेतला आणि थांबली. लग्नानंतर नवी सही तिनं इतकी गिरवली होती की जुनी आठवेना. एकदा केली, खोडली. दुसऱ्यांदा केली, अर्ध्यातून सासरचं नाव निघालं. माझ्याकडं बघून कसंनुसं हसली. "ताई, माझी सही हरवली की वो."

मी म्हटलं, घाई नाही, बसा. चहा दिला. ती मागांचा आवाज ऐकत बसली. मग डोळे मिटून पेन टेकवला आणि एका दमात केली, शेवटच्या गाठीसकट. उघडून बघितली तर तिलाच खरं वाटेना. म्हणाली, "हाताला ठाव हुतं."

ती गेल्यावर मी ओवीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत बसले. असं काही आत कुठंतरी असतं का, ठाव असलेलं?

*

काही फॉर्मला डाव्या अंगठ्याचा ठसाही लागतो. विडीकाम करणाऱ्या एका बाईंची मुलगी आली होती, बरोबर आई. घरात त्या तेलुगू बोलतात. मुलगी शाळेत असल्यापासून आईबरोबर पानं वळते. शाई लावून अंगठा टेकवला, तर कागदावर नुसता गोल काळा ठिपका. रेघ एकही नाही, पानं वळून वळून सगळ्या झिजलेल्या. परत टेकवला, परत ठिपका.

मुलगी रडकुंडीला आली. आई मात्र कागद हातात घेऊन न्याहाळत होती. म्हणाली, "छान लागलं की टिकली."

मग मुलीला सांगितलं, थोडे दिवस विड्यांपासून हात लांब ठेव, खोबरेल चोळ आणि ये. तशी ती आली. ह्या खेपेला ठशात बारीक बारीक रेघा उमटल्या, पाण्यावर वारा गेल्यासारख्या. आईनं तो मोबाईलवर मोठा करून बघितला. नंतर किती तरी वेळ आई स्वतःचाच अंगठा बघत होती.

*

'झालं' म्हणायचं मी कधी विसरत नाही. एकदा विसरले होते, त्याचा किस्सा पोरं अजून सांगतात.

तलाठ्याच्या परीक्षेला बसणारा एक पोरगा होता, फार शिस्तीचा. त्याला स्टुलावर बसवलं, हलू नका म्हटलं, बटण दाबलं आणि तेवढ्यात आत भांडं पडलं. ओवी आत होती. मी पळाले. ती ठीक होती, भांडं मांजरानं पाडलं होतं. तिला घेतलं, दूध पाजलं, निजवलं. बाहेर आले तर पोरगा तसाच. मान ताठ, नजर समोर, डोळ्यांतून पाणी.

"अहो, उठायचं की!"

"तुम्ही झालं म्हणाला न्हाईत, मॅडम."

तेव्हापासून अभ्यासिकेत त्याला सगळे पुतळा म्हणतात. माझ्या मनात मात्र दुसरंच राहिलं. भांडं ओवीच्या पाठीमागंच पडलं होतं. तिनं वळून बघितलं होतं का? बघितलं असेल, तर मांजर पळालं म्हणून, की आवाजानं? मी विचारणार कुणाला!

*

औषध सांगणाऱ्यांची तर रांगच आहे. फोटो काढायला बसतात आणि ओवीकडं बघून सुरू होतात. एकीनं सांगितलं, पोपटाचा उष्टा पेरू द्या. दुसरीनं वेखंड सांगितलं, जिभेला लावायला. एक काका म्हणाले, हिला पंढरपूरला घेऊन जा. आत्या म्हणतात, आमच्यात सगळी उशिरा बोलतात, तुझा नवरा तर शाळेत जाईस्तवर मुका हुता, आणि आता बघ की! हे खाली मान घालून टाईप करत राहतात.

पेरू मात्र आणला होता ह्यांनी एकदा, खरोखर पोपटानं टोचलेला. कुठून आणला ते सांगितलं नाही. ओवीनं खाल्ला, बिया माझ्या हातावर थुंकल्या आणि स्टुलावर जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, जिभेला काही लावू नका, आधी कान तपासू. मशीनवरची तपासणी असते, फोन करून दिवस कळवू. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून आधी नंबर बघते. आणि फोटो ज्या मोबाईलवर काढते, त्याच मोबाईलवर फोन येतो.

*

आता शेवटचा.

पोलीस भरतीच्या फॉर्मची मुदत संपत आली होती. दुकानात उभं राहायला जागा नाही. माढ्याकडचे एक पैलवान आले होते. वयाच्या हिशोबानं त्यांची ही शेवटचीच भरती. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागेना. पण फ्लॅश पडला की डोळे मिटायचे! एकदा, दोनदा, परत परत. मागची पोरं हसायला लागली. एक म्हणाला, पैलवान, कुस्तीत काय करता? पैलवान म्हणाले, "कुस्तीत कुणी लाईट मारत न्हाई."

मी म्हटलं, आता शेवटचा काढू. समोर बघा. मी झालं म्हणेपर्यंत हलू नका, श्वाससुद्धा घेऊ नका. सगळी खोली गप्प झाली. पैलवानांनी छाती भरून घेतली. मी बटण दाबलं.

आणि फोन वाजला. स्क्रीनवर दवाखान्याचा नंबर.

मी मोबाईल स्टँडवरून काढला आणि तिथंच, पाठ फिरवून, कानाला लावला. तिकडून बाई सांगत होत्या. सोमवारी या. तपासणीला मूल झोपलेलं लागतं, त्यामुळं सकाळपासून जागं ठेवा, डोळा लागू देऊ नका. मी हं हं करत होते. मागं काय चाललंय त्याचं मला भानच नव्हतं. पैलवान तसेच बसलेले, तोंड लालबुंद. पोरंही गप्प. मागांची खटक-खटक तेवढी चालू.

आणि खालून, माझ्या कमरेच्याही खालून, बारीक आवाज आला.

"झालं."

पैलवानांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या पांढऱ्या पट्ट्या उडाल्या.

कुणी हललं नाही. ह्यांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आत्या पिठाच्या हातानं दारात येऊन थांबल्या. ओवी लाल स्टुलावर बसली होती, पैलवानांकडं बघत.

फोनवर बाई म्हणत होत्या, "हॅलो, ताई? ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले. "येतंय ऐकू."

मग बऱ्याच वेळानं मला फोटोची आठवण झाली. उघडून बघितला, तर पैलवानांचे डोळे मिटलेलेच. परत काढायला हवा होता. त्यांना सांगितलं, तर ते स्टुलावर नीट बसले, शर्ट ओढला, छाती भरून घेतली. मी समोर बघा म्हणायच्या आधीच त्यांनी नजर लावली होती. माझ्याकडं नाही, मोबाईलकडं नाही. लाल स्टुलाकडं. आणि डोळे असे टक्क उघडे.

मी बटण दाबलं, आणि गप्प उभी राहिले.