टिचकी मारून घेतलेली सायकल

आख्ख्या खडेबाजारात टिचकी मारून नारळ वळखणारा माझ्यासारखा दुकानदार न्हाय. माझी बायको शांता मात्र घरचा नारळ शेजारच्या दुकानातनं आणती!

आमची पोरगी संगी सायकल पळवती. (पळायचं रगात माझंच. उधारीवाला दिसला की मी बी पळतो.) रविवारी काकतीजवळ शर्यत हुती. पहिल्या तिघांत आली, तर राज्याच्या शर्यतीला नंबर लागणार! म्हणून तिला घिऊन एका डॉक्टरांची जुनी कार्बनची सायकल बघाय गेलतो.

सायकल कसली, काळं पाखरूच! करंगळीवर उचलली.

"डॉक्टर, आतलं सामान काढून घेतलंय काय?"

"अहो, कार्बन आहे. लोखंडापेक्षा मजबूत! पण जुनी आहे, नाण्यानं वाजवून घ्या. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद आला तर आत चीर. आणि एक लक्षात ठेवा..."

म्होरचं कोण ऐकतंय! वाजवून घ्यायचं, आन ते मला शिकवताय? रुपाया काढला, नळीला कान लावून समदी सायकल वाजीवली. डॉक्टरांचं कुत्रं भुकाय लागलं, पर आवाज देवळातल्या घंटीगत! घेतली.

शनिवारी दारात पूजा. ट्रॅक्टर असू दे न्हायतर सायकल, आमच्यात पूजेबिगर चाक हलत न्हाय. हळद-कुंकू लावलं, हार घातला. (हार सायकलीपेक्षा जड!) चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक बोटाएवढं बारीक. लिंबू चिरडायचं सोडून घरंगळत गटारीत गेलं.

"आप्पा, बास झालं आता," संगी म्हनली.

"थांब गं, नारळ ऱ्हायलाय."

पायरीचा दगड हुता की समोर! पर गल्ली गोळा झालेली. म्हनलं, जरा दावू या.

"लोखंडापेक्षा मजबूत हाय बरं का!" आसं म्हणून नारळ उचलला आन सायकलीच्या वरच्या नळीवर हाणला.

शेजारचा बाळाप्पा वरडलाच, "बेडा! बेडा!" (म्हंजे नको, नको.) मला कन्नड चांगलं येतं. माझा हात मात्र कन्नड शिकलेला न्हाय.

नारळ फुटला. पाणी उडालं. टाळ्या पडल्या! मग नळीतनं बारीक 'कर्रर्र' आलं.

संगीनं माझ्या खिशातनं रुपाया काढला, नळीवर वाजीवला. बद्द!

डॉक्टरांस्नी फोन लावला. "तेच सांगत होतो मी," ते म्हनले, "एका जागी जोराचा ठोका बसू देऊ नका म्हणून. पण तुमचा कान नळीला होता!"

रविवारी पोरगी माझी नारळं न्यायची लोखंडी सायकल घिऊन शर्यतीत उतरली. क्यारेज, घंटी, स्टँड, समदं लावून! मी आन शांता शेवटाला हुबे हुतो. संगी पोचली तवा मांडववाले खांब उपटत हुते.

ती घामानं निथळत हुती. कायतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हनलो, "नंबर जाऊ दे गं. पर ही सायकल मजबूत हाय का न्हाय?"

संगीनं परत माझ्या खिशातनं रुपाया काढला, माझ्या कपाळावर वाजीवला आन कान लावला.

"आई, हितं लई बद येतोय. ह्यो माल घेताना कुणी तपासला न्हवता व्हय?"

"तपासलता की, माझ्या बापानं," शांता म्हनली. "त्योबी नारळवालाच हुता."