जेसोरच्या बाई

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. खारघरला कॅन्सरच्या उपचारांसाठी येणारे लोक राहायला जागा शोधत असतात, त्यांना आम्ही ती भाड्यानं देऊ लागलो. जेसोरच्या बाई अशाच आल्या. बांगलादेशातल्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या. माझाही जन्म शाळेत शिकवण्यातच गेलेला. त्यांचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, केमो चालू होती. सोबत नवरा होता, अगदी अबोल.

मोडक्या हिंदीत आमचं छान जमलं. केमोनंतर त्यांना अन्नाचा वासही नको व्हायचा. मग तोंडाला चव आली की माझ्याबरोबर मासळी बाजारात यायच्या. आमचा जिताडा म्हणजे त्यांच्याकडचा भेटकी, हे कळल्यावर त्यांनी बंगालीतच घासाघीस सुरू केली.

कोळीण म्हणाली, "ताई, तुमी काय बोलता ता मना कलत नाय, पन भाव ह्योच हाय."

बाई खूप हसल्या. आजारपणात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

उपचार संपवून त्या घरी गेल्या. दर काही महिन्यांनी तपासणीला यायचं होतं. एकदा आल्याही. मग तिकडचं सरकार कोसळलं, दोन्ही देशांत बिनसलं आणि व्हिसा जवळजवळ थांबले. आजारी माणसांसाठी थोडे चालू होते म्हणे, पण बाईंचा नंबर काही लागेना.

"दीदी, मला ढाक्यापेक्षा कोलकाता जवळ आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "सकाळी निघाले तर दुपारी पोचते. आणि जाता येत नाही."

पुढे त्यांची पाठ दुखायला लागली. त्यांनी मोबाईलवर पाठवलेले रिपोर्ट छापून मी खारघरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी ते नीट पाहिले.

"पसरलेलं दिसतंय," ते म्हणाले. "पण न तपासता मी औषध बदलू शकत नाही. त्यांना इकडे आणा."



त्याच सुमारास आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. चहा घेत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण बाहेरच्या देशातले लोक आता नकोत. उद्या काही झालं तर सगळ्या सोसायटीला त्रास."

"त्या येतच नाहीयेत," आमचे हे म्हणाले. "तुम्ही निर्धास्त राहा."

सेक्रेटरींनी चहा अर्धाच ठेवला.

ढाक्याहून तेव्हा रुग्णांना चीनमध्ये, कुनमिंगला नेऊ लागले होते. शेवटी बाई तिकडे गेल्या. तिथून त्यांनी व्हिडिओ कॉल केला. चेहरा इतका उतरला होता की आधी मी ओळखलंच नाही.

"दवाखाना चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण आपण मोबाईलमध्ये बोलायचं, मग मोबाईल चिनी बोलतो. रात्री कळ कशी येते ते मी सांगितलं. त्यानं पुढे काय सांगितलं, अल्ला जाणे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उशीर झाला म्हणाले. ते मात्र मोबाईलनं बरोबर सांगितलं."

तिथून त्या जेसोरला परतल्या आणि थंडीत आपल्या घरीच वारल्या. त्यांच्या नवऱ्यानं फोन केला. आमच्याकडे असताना चार वाक्यं न बोललेला तो माणूस कितीतरी वेळ बोलत होता, आणि बरंचसं बंगालीत. मला फार थोडं कळलं. मध्ये थांबवून विचारायचा धीर झाला नाही. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले.

परवा ह्यांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. दोन्हीकडचे अधिकारी पुन्हा बोलायला बसलेत, व्हिसा हळूहळू पूर्ववत होतील. शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायला हवं, असंही कोणीतरी म्हटलं होतं.

"पुढचं वाचू का?" ह्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं.