आठ शाखांचे रस्ते

मांजरी शाखेचं नेटवर्क लागलं की कात्रजचं जायचं. कात्रज परत आलं की मांजरी गायब. सकाळपासून हाच खेळ चालला होता आणि उत्कर्षा वैतागून गेली होती.

उत्कर्षा भोयर मूळची यवतमाळची. इथे मंडईजवळ एका पॅथॉलॉजी लॅबचं मुख्य कार्यालय आहे, तिथलं नेटवर्क ती पाच वर्षं सांभाळते. लॅबच्या आठ शाखा. माहितीने कुठून कुठे कोणत्या रस्त्याने जायचं, हे प्रत्येक राउटरवर हाताने लिहायचं. एक तार तुटली की सगळं पुन्हा. सहा महिने तिने श्याम केतकरांच्या मागे धोशा लावला होता, "सर, ओएसपीएफ लावू. कोण कोणाला जोडलंय ते राउटरच एकमेकांना सांगतील. जवळचा रस्ता ज्याचा तो शोधेल."

केतकर तिचे साहेब. शेवटी त्यांनी दोन शाखा दिल्या, त्याही मंगळवारी बारापर्यंत. नाही जमलं तर जुने रस्ते परत आणि विषय कायमचा बंद.

आज मंगळवार, आणि साडेअकरा झाले होते.

"काय म्हणतात आपले राउटर?" केतकर दारात. "बोलतायत की भांडतायत?"

"बघून राहिले ना सर!"

"बघा. कात्रजहून दोनदा फोन आला. रिपोर्ट अडकलेत."

तिने केबल तपासली. पासवर्ड तपासला. सगळं बरोबर. मग दोन्ही शाखांच्या राउटरच्या सेटिंगच्या फायली शेजारी शेजारी उघडल्या. प्रत्येक राउटरचा ओळख क्रमांक, म्हणजे आयडी, वेगळा लागतो. या दोघांचा एकच होता.

"सर, मांजरीची फाईल कुणी बनवली?"

"मी. तुमचा वेळ वाचावा म्हणून. कात्रजची चालती फाईल उचलली, पत्ते बदलले."

"आणि आयडी?"

"तो कशाला? चालत्या गोष्टीला आपण हात लावत नाही."

उत्कर्षाने डोळे मिटले. मुख्य राउटर बिचारा सकाळपासून दोन जणांना एकच समजत होता. एकाचं ऐकून नकाशा काढायचा, दुसऱ्याचं ऐकून खोडायचा.

तिने मांजरीचा क्रमांक बदलला. फरक शून्य. ओएसपीएफ बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय राउटर नवा क्रमांक घेत नाही. ती तशी कमांड टाइप करू लागली.

"अहो, चालू राउटर थांबवायचा नसतो!"

"चालू कुठे आहे सर?" तिने कमांड दिलीच.

मांजरी गेलं. मिनिटभराने आलं. कात्रज जागचं हललं नाही. बारा वाजून गेले, दोन्ही टिकून होते.

केतकरांनी चष्मा पुसला. "बरं. उरलेल्या सहांचं दिवाळीनंतर पाहू."

"दिवाळी मागच्या महिन्यात झाली सर."

"पुढची येते की."

उत्कर्षाने खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्या शाखेचा राउटर उघडला, ओएसपीएफ लावलं, आयडी दोनदा वाचला. शेजारी राउटर दिसायला लागल्यावर तिने केतकरांच्या देखत हाताने लिहिलेला जुना रस्ता पुसून टाकला.

"फोन आला तर तुम्हीच उचला," ती म्हणाली.

केतकर फोनपाशी बसून राहिले. फोन आला नाही. तिने चौथी शाखा उघडली.