कधीही पेट घेणारी गाडी

मी आज जो काही आहे तो वानखडे सरांमुळे आहे. आणि सर पुण्यात आले त्या दिवशी माझी नवी गाडी क्रेनला लटकत होती, ती मात्र सर्वस्वी माझ्यामुळे.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी सर मराठी शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दारही पाहिलं नव्हतं. दहावीनंतर वडील मला बाजार समितीत पोती उचलायला लावणार होते. सरांनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "याला पोती उचलायला लावाल तर नुकसान पोत्याचं होईल." (माझे दंड पाहता वडिलांना ते पटलं.) अशा रीतीने मी पदवीधर झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि यंदा गाडी घेतली. सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. गाडीचा फोटो पाहून पहिल्यांदाच म्हणाले, "उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. दिवाळीआधी पुण्यातच काढून घेतो. स्टेशनवर ये. तुझ्या गाडीतून दवाखान्यात जाऊ."

फोन ठेवून मी रडलो. बायकोला वाटलं, गाडी कोणीतरी ठोकली!

त्याच आठवड्यात कंपनीचा मेसेज आला. या मॉडेलच्या इंधननळीत दोष आढळला असून क्वचित प्रसंगी इंजिनमध्ये आग लागू शकते, नळी मोफत बदलून मिळेल, तोवर गाडी इमारतीपासून दूर, मोकळ्या जागेत उभी करावी. मी लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"पार्ट आला की आम्हीच कॉल करू, सर."

"कधी येईल?"

"आला की, सर."

छापील सूचना पाळायची, हा माझा शाळेपासूनचा रोग. मी तडक सोसायटीचे चेअरमन लेलेकाका यांच्याकडे गेलो. (बायको म्हणत होती, "तुम्हाला कोणी विचारलंय का?") काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसला.

"म्हणजे तुमची गाडी पेटणार."

"क्वचित, काका."

"मग क्वचितसुद्धा इथे नको. घरात ठेवा. घर तुमचं आहे, पार्किंग सगळ्यांचं आहे."

संध्याकाळी लिफ्टशेजारी पाटी लागली : 'ज्या सभासदांच्या गाड्या पेट घेतात, त्यांनी त्या अन्यत्र नेऊन पेटवाव्यात.' शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर किती शांत वाटता!"

आता आमच्या धायरीत इमारतीपासून दूर अशी जागा शोधायची! मी निघालो. जिथे इमारत नव्हती तिथे इमारतीचं बांधकाम होतं. जिथे बांधकामही नव्हतं तिथे गेट होतं, आणि गेटवर पाटी : 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. हवा परत भरण्याची सोय नाही.' बराच फिरल्यावर (तेही, लक्षात घ्या, पेटू शकणाऱ्या गाडीतून!) पालिकेचं एक मोकळं मैदान सापडलं. गाडी लावली, हुश्श केलं, आणि घात झाला. मला वाटलं, इथे मुलं खेळतात, त्यांना सावध करणं आपलं कर्तव्य आहे. मी पुठ्ठा घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं : 'सावधान! या गाडीच्या इंजिनला कधीही आग लागू शकते.' खाली नाव आणि फोन नंबर. पुठ्ठा काचेवर लावला आणि पक्का पुणेकर झाल्याच्या समाधानात घरी आलो.

दोन-तीन दिवसांनी देव पावला. पार्ट आला! आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी सरांची गाडी स्टेशनात येणार होती. नळी बदलायची, तसंच स्टेशन गाठायचं, सरांना पुढच्या सीटवर बसवायचं. एवढं सरळ होतं. मी शीळ घालत मैदानात पोहोचलो.

माझ्या गाडीला खेटून फटाक्यांचा स्टॉल उभा होता.

स्टॉलच्या पुढे गर्दी, गर्दीच्या पुढे हवालदार आणि हवालदाराच्या पुढे अग्निशमन दलाचा लाल बंब!

"आले बघा मालक!" स्टॉलवाला ओरडला. "अहो, आख्ख्या पुण्यात हीच जागा घावली व्हय?"

"मी आधी आलोय! तुम्ही नंतर आलात!"

"आमचा बोर्ड वाचा. हितं धूम्रपान करू नये!"

"माझी गाडी धूम्रपान करत नाही हो!"

"कधीबी करंल की! तुमीच लिवलंय!"

मी हवालदारसाहेबांना विनवलं, "साहेब, किल्ली फिरवतो, लगेच घेऊन जातो."

बंबावरचे अधिकारी गरजले, "किल्लीला हात लावाल तर याद राखा! क्रेन येतीये."

तिकडे सर स्टेशनवर उभे असतील! बायकोला फोन केला. ती बिचारी स्कूटर घेऊन धावली. मी गर्दीत उभा राहून, लोक माझे आणि गाडीचे एकत्र फोटो काढत असताना, ज्या माणसाने मला माणूस केलं त्याची वाट पाहू लागलो.

सर आले ते स्कूटरच्या मागे बसून, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, मांडीवर पिशवी घट्ट धरून. "दवाखान्याआधी पोराकडे ने" असं त्यांनीच बायकोला सांगितलं होतं.

"काऊन रे, एवढा घामाघूम?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. सर सरळ काचेपाशी गेले ("आजोबा, मागे या!" असं सगळे ओरडत होते), डावा डोळा पुठ्ठ्याला टेकवून वाचलं आणि खिशातून पेन काढलं.

"'इंजिनला' नाही. 'इंजिनाला'. सामान्यरूप विसरलास?"

"सर..."

"आणि कंपनीने काय लिहिलं होतं?"

"क्वचित."

"मग तू 'कधीही' काऊन लिहिलं? एका शब्दापायी बंब आला की रे बापा!"

हवालदारसाहेबांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही ह्यांचे कोण?"

"मी याला मराठी शिकवलं," सर म्हणाले. "माझीच चूक."

मग वरात निघाली. पुढे क्रेनला लटकून सर्व्हिस सेंटरला निघालेली माझी गाडी, मागे रिक्षात सर आणि मी, त्यामागे स्कूटरवर बायको. दवाखान्याच्या वळणापर्यंत आमचा रस्ता एकच होता. सर बराच वेळ पुढे पाहत होते. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "छान दिसते रे गाडी. खालून."

ऑपरेशन उत्तम झालं. सर बसने गावी परतले. नळी अर्ध्या तासात बदलून झाली. मग मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं :

'आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

गाडी पूर्ण दुरुस्त झाली आहे. इंजिनाला (सामान्यरूप पाहावे) आता काही धोका नाही, असे कंपनीने लेखी दिले आहे. मात्र माझ्या पुठ्ठ्याचा फोटो पुणेभर फिरल्यामुळे गाडीत माझ्याशिवाय कोणीही बसत नाही. आपली सूनही स्कूटरवरून मागे मागे येते. लेलेकाकांनी मला पार्किंगमध्ये परत घेतले आहे, पण माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या असतात. इतकी ऐसपैस जागा पुण्यात दुसऱ्या कोणाला मिळाली नसेल.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे असे डॉक्टर म्हणाले, त्याचे ऑपरेशन लवकर करून घ्यावे, ही विनंती. आपल्याला स्टेशनवर घ्यायला मी गाडी घेऊन येईन. डॉक्टरांनी आपल्याला धुरापासून जपायला सांगितले आहे, ते माझ्या लक्षात आहे. म्हणून, क्वचित प्रसंग आलाच तर, खिडक्या उघड्या ठेवीन.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी.'