विहिरीत मेला तो कोणता भाऊ

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या दुष्काळात देवणीकडच्या एका गावात विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळली आणि दोन सख्ख्या भावांपैकी एक मेला. कोणता, हे आमच्या ठाण्याने आधी चुकीचे नोंदवले. निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे एकमेकांत मिसळली; हे अजून वेगळे उभे आहे.

धाकटा मेला, अशी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. प्रेत ओळखले आईने. पंच गावचेच होते. संशयाला जागा नव्हती.

उन्हाळा सरता सरता माझ्याकडे थोरल्या भावाच्या पासपोर्टची पडताळणी आली. त्या काळी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शिफारशीवर पासपोर्ट आधी मिळू शके आणि पोलीस चौकशी मागून होई. जिल्हा नवा असल्याने ही चौकशी जुन्या जिल्ह्यात बरीच पडून राहिली होती. दरम्यान थोरल्याला आखाती देशातल्या एका मालकाचा व्हिसाही मिळाला होता. ठरलेल्या मुदतीत त्या देशात प्रवेश केला नाही तर तो रद्द होणार होता. मुदत संपत आली होती. काम किरकोळ वाटले.

निघायच्या आधी माझ्या ठाण्याचे जमादार उदगीरच्या बसस्टँडवर चहा प्यायला गेले आणि तोंड उतरवून परत आले. विहिरीवरचा एक वडार मजूर त्यांना तिथे भेटला होता.

"साहेब, तो म्हणतो, बाजेवर घालून वर काढला तो थोरला होता. धाकटा तर कप्पीपाशी उभा राहून रडत होता."

"पिऊन बोलत असेल."

"न्हाई साहेब. पोराच्या गळ्याची आण घेतली त्यानं."

आम्ही जीपने निघालो. वाटेत टँकरपाशी घागरींची रांग होती. जमादार म्हणाले, "प्यायला पाणी न्हाई अन् गाव निघालं इमानात बसायला." एरवी मी हसलो असतो.

घर मातीचे, सारवलेले. समोरच्या भिंतीवर धाकट्याचा फोटो, त्याला हार. बरोबर त्या फोटोखाली तोच चेहरा बसला होता. भावाभावांत साम्य असते. पासपोर्टवरचा फोटोही त्याच्याशी जुळत होता. मी नाव विचारले. त्याने थोरल्याचे सांगितले. जन्म, शाळा, शेताचा गट, सगळे अचूक. जमादारांनी पाठीमागून अचानक धाकट्याच्या नावाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. आईनेही नाही. दारात जमलेल्या माणसांपैकी कोणाची पापणी हलली नाही.

घरात दोन सुना होत्या. थोरलीच्या कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. धाकटीचे कपाळ मोकळे, हात रिकामे. तिने पाणी आणले, पण थोरल्या दिरासमोर वागावे तसे तोंडावर पदर ओढून, तांब्या लांब ठेवून मागे सरली. यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

जबाबासाठी मी थोरलीला नवऱ्याचे नाव विचारले. तिने ते सरळ सांगितले.

जमादारांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या भागात सवाष्ण नवऱ्याचे नाव घेत नसे. त्याने त्याचे आयुष्य घटते, अशी समजूत होती. कोर्टातसुद्धा बाया शेजारणीला पुढे करत. विधवा मात्र नाव घेत. तिला कसली भीती?

मी धाकटीला विचारले, "मयताचे नाव?"

तिने सासूकडे पाहिले.

सासू म्हणाली, "सांग की गं पोरी. सायब थांबलेत."

"तुम्हीच सांगा, मामी."

"मेल्या मानसाचं नाव घ्यायला काय झालं तुला?"

धाकटीने पदर दातात धरला. "मी न्हाई घेनार."

"का?" मी विचारले.

"आयुष्य कमी हुतं."

दारातली माणसे एकेक करून मागे सरली. फोटोखालचा माणूस उठला आणि त्याने स्वतःच फोटोचा हार काढला.

"मीच धाकटा, साहेब."

त्याचा जबाब मी तिथेच घेतला. व्हिसासाठी बैलजोडी विकली होती. थोरला निघायच्या तयारीत असतानाच विहिरीत गेला. प्रेत वर आले तेव्हा आईनेच धाकट्याचे नाव सांगितले. त्यानंतर सुनांची कपाळे बदलली आणि गावाने तोंड मिटले.

"व्हिसा त्याच्या नावावर हाय," तो म्हणाला. "मानूस गेला. नाव बी वाया घालवायचं का?"

"तिकडे तुझे काही बरेवाईट झाले असते तर?"

"थोरला मेला म्हनून तार आली असती."

"आणि परत आला असतास तर?"

त्याने हातातला हार आईपुढे ठेवला. आई म्हणाली, "मी दोघांना बी एकाच नावानं हाका मारत राहिले, सायब. सपनात कोन ओ देतो, कळत न्हाई."



पासपोर्ट मी जप्त केला. खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल करणे भाग होते. धाकट्याला जीपमध्ये बसवले. त्याची बायको घरातून धावत आली. तोंडावर पदर नव्हता. सर्वांसमोर तिने त्याचा हात धरला आणि जमादारांनी सांगेपर्यंत सोडला नाही.

तोवर थोरली ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. जीप सुरू झाली तशी ती खाली बसली. तिने दोन्ही हात जमिनीवर आपटून बांगड्या फोडल्या आणि हंबरडा फोडला. घराघरांतून बाया धावत आल्या.

थोरला मरून तेव्हा उन्हाळा उलटला होता.